उभी गाडी

मी शटर वर केलं तेव्हा आई कुणाशी तरी बोलत होती.

गोदामात अंधार होता आणि गाडी सुरू होती. दादाची पांढरी डिझेल गाडी, भिंतीकडं तोंड करून उभी. आई पुढच्या डाव्या सीटवर बसलेली, डोक्यावर पदर, चारी काचा वर. ड्रायव्हरच्या सीटवर कुणी नव्हतं. त्या मोकळ्या सीटकडं वळून ती काहीतरी सांगत होती, मग थांबत होती, आणि थांबल्यावर मान हलवत होती. एकदा तर हसली. कुणी थट्टा केल्यावर माणूस हसतो तशी, जरा लाजून.

मी काचेवर टकटक केलं. तिनं काच बोटभर खाली घेतली.

"आलास व्हय?" ती म्हणाली. "शटर खाली घे आधी. माईंच्या सांडग्यांवर काजळी बसते, मग भांडायला येतात."

माई म्हणजे आमच्या शेजारीण. त्यांनीच माझ्या बायकोला, प्रज्ञाला, फोन करून सांगितलं होतं की तुमच्या सासूबाईंचं लक्षण काही ठीक दिसत नाही, एकदा येऊन बघा. मी रजा टाकली आणि पुण्याहून एस्टीनं गडहिंग्लजला आलो. घराला नुसती कडी होती. गॅसवर दूध करपून पातेल्याचा तळ काळा झाला होता. आणि मागच्या गोदामातून इंजिनाचा आवाज येत होता.

दादाला जाऊन तेव्हा चार-पाच महिने झाले होते. धैर्यशील त्याचं नाव, मिरचीचा व्यापार. संकेश्वर, निपाणी, पार ब्याडगीपर्यंत त्याची गाडी पळायची. त्यानं लग्न केलं नाही. भावकीत म्हणायचे, धैर्यानं गाडीशीच लगीन लावलंय. घरात तो आणि आई दोघंच. दुपारचं जेवण झालं की 'चल, एक चक्कर मारून येऊ' म्हणत तो आईला गाडीत घालायचा आणि हायवेपर्यंत नेऊन आणायचा. एक दिवस मार्केट यार्डात पोत्याला टेकून बसल्या बसल्या गेला. लोकांना वाटलं डुलकी लागलीय.

दहाव्याला हिरण्यकेशीच्या काठावर पिंड ठेवले तर कावळा शिवेना. बाभळीवर कावळ्यांची ही गर्दी, पण खाली कुणी उतरायला तयार नाही. अशा वेळी जो तो पुढं होतो आणि गेलेल्या माणसाला शब्द देतो, तसं सुरू झालं. मी म्हणालो, आईला मी सांभाळेन. कावळ्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. एकानं यार्डातली येणी वसूल करतो म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं आणखी काही. ऊन डोक्यावर आलं. आमचे निपाणीचे मामा मधुमेहाचे, त्यांना भूक सहन होत नाही. ते वैतागून म्हणाले, "धैर्या, तुझी गाडी बंद पडू देणार न्हाई. आता तरी ये बाबा." आणि एक कावळा सरळ खाली आला, पिंडाला चोच मारून गेला.

मामा जेवून निपाणीला गेले. शब्द आईनं घेतला. गाडी बंद पडू द्यायची नाही याचा तिनं लावलेला अर्थ असा की ती रोज सुरू करायची. गिअर मोकळा ठेवायचा, ब्रेक ओढायचा, पायानं क्लच दाबून किल्ली फिरवायची, एवढं दादानं तिला कधीतरी हौसेनं शिकवलं होतं. ती गाडी सुरू करायची आणि उतरून पलीकडून डाव्या सीटवर येऊन बसायची. उजवी सीट त्याची. गाडी जागेवरच घरघरत राहायची आणि आई आत बसून राहायची, कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त.

सुरुवातीला शटर उघडं असायचं. सांडग्यांचं भांडण झाल्यावर ते बंद झालं. बंद जागेत गाडी चालू ठेवू नये असं म्हणतात, हे मी तिला त्याच सकाळी बोललो. ती म्हणाली, गोदाम केवढं मोठं आहे, वर झरोका आहे, आणि इथं मिरचीच्या खकाण्यात आम्ही सगळे मोठे झालो, आम्हाला काय होतंय? खोकला तर त्या गोदामात शिरणाऱ्या प्रत्येकाला यायचा. धुराचा वास वेगळा ओळखायला तिथं नाक शिल्लक राहायचं नाही. शिवाय माझं लक्ष धुराकडं नव्हतंच. आई मोकळ्या सीटशी बोलते, एवढंच डोक्यात फिरत होतं.

ती थकली होती. कपाळाला रुमाल करकचून बांधलेला, डोकं दुखतं म्हणे. आमटीत दोनदा मीठ घातलं. दादा काय बोलतो, असं मी जेवताना शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं. तिनंही तितक्याच साधेपणानं सांगितलं. जवारी मिरचीचा भाव उतरलाय म्हणतो. नळाला पाणी आलं का विचारतो. मग भात वाढता वाढता म्हणाली, "तुझी कंबर धरलीय म्हणं. दादा सांगत होता. खुर्चीत बसून बसून होतंय, चालायला सांग म्हणाला."

माझी कंबर महिनाभर दुखत होती, हे खरं होतं. मी बाहेर जाऊन प्रज्ञाला फोन केला आणि आईला कशाला सांगितलंस म्हणून तिच्यावरच चिडलो. प्रज्ञा म्हणाली, मी एक अक्षर बोललेले नाही, आणि आधी कोल्हापूरला डोक्याच्या डॉक्टरांना दाखव. मला ते पटलं. पण आई जागची हलायला तयार नव्हती. कोल्हापूरला गेलं तर त्या दिवशी गाडी कोण सुरू करणार?

म्हणजे आईला तिथून हलवायचं तर आधी गाडी हलवायला हवी. विकून टाकायची असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी यासीन शिकलगारला बोलावलं. तो दादाचा नेहमीचा मिस्त्री. तोंडात सतत बडीशेप, बोलणं गाडीपेक्षा वेगवान. गाडीतल्या काट्यांशेजारी एक नारिंगी दिवा पेटलेला मी बघितला होता, त्यासाठीच त्याला बोलावलं होतं. त्यानं आपला छोटा कॉम्प्युटर गाडीला जोडला आणि जीभ चावली.

"फिल्टर गच्च भरलाय सायेब. तुम्ही उभी ठेवून मारलासा हिला."

मग त्यानं समजावलं. सायलेन्सरच्या अलीकडं, इंजिनाला लागूनच एक डबा असतो, आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी. डिझेलची काजळी तिथं अडकते. गाडी हायवेला पळाली, चांगली तापली, की ती काजळी आपोआप जळून जाते आणि डबा पुन्हा मोकळा होतो. दादाच्या हाताखाली हा डबा आणखी लाखभर किलोमीटर सहज गेला असता. पण उभ्या गाडीचं इंजिन तापत नाही, काजळी जळत नाही, नुसती साठते. रोज सुरू करून ठेवली म्हणजे गाडी नीट राहते, हा समज जुन्या गाड्यांपुरता खरा. या गाड्यांना त्यानंच मरण येतं. आता पळवूनही उपयोग नव्हता, डबा त्याच्या पलीकडं गेला होता. नवीन बसवायचा तर लाखाच्या वर खर्च. आणि एवढी पळालेली गाडी, तिला कुणी अडीच लाख दिले तरी पुष्कळ.

"दुसरा उपाय हाय," यासीन आवाज खाली आणून म्हणाला. "आतली जाळी फोडून काढायची, मोकळा डबा परत बसवायचा. कॉम्प्युटरला सांगायचं, जाळी हाय म्हणून. लई जण करतात. धूर मारती, पावती फाटती कधी कधी, पण चालती."

आई दारात उभी होती हे आम्हाला माहीत नव्हतं.

"पोकळ करून ठेवणार व्हय त्याला?" ती म्हणाली.

यासीननं आपला कॉम्प्युटर काढून घेतला. आईनं त्याला चहा दिला आणि गाडीला कुणी हात लावायचा नाही असं आम्हा दोघांना बजावलं. मी विकायचा विषय काढला. ती ओरडली नाही, रडलीही नाही. कावळ्याला दिलेला शब्द आहे, तो काय तुझ्या हापिसातला शब्द आहे का, एवढंच म्हणाली.  मामांना फोन केला, तर ते म्हणाले मी आपला भुकेपोटी बोललो होतो रे. ते आईला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

तिसऱ्या दिवशी मी वेगळा डाव टाकायचं ठरवलं. तिच्याबरोबर गाडीत बसायचं, सगळं होऊ द्यायचं, आणि मग तिथंच सांगायचं की बघ आई, कुणी बोलत नाही. वेड्याला त्याच्या वेडात शिरून बाहेर काढावं असं कुठंतरी ऐकलं होतं. दुसऱ्याला वेडं ठरवलं की आपल्याला फार अक्कल आहे असं वाटायला लागतं.

सकाळचा चहा झाल्यावर आईनं गाडी सुरू केली. मी शटर खाली घेतलं आणि मागच्या सीटवर बसलो, कारण उजवीकडं बसायला ती मला देणार नव्हती. काचा वर गेल्या. झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा समोरच्या भिंतीवर पडला होता आणि त्यात मिरचीची धूळ फिरत होती. सीटच्या कापडाला अजून दादाचा वास होता, मिरची आणि त्याचं ते स्वस्त अत्तर. इंजिन मध्येच अडखळायचं, पुन्हा धरायचं.

आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "शिऱ्या आलाय बघ. मागं बसलाय."

मग ती थांबली. मी कान देऊन ऐकलं. इंजिनाशिवाय काही नव्हतं. मला बरं वाटलं आणि तिची कीवही आली. ती बोलत राहिली, माईंच्या सुनेचं काहीतरी, रेशनच्या दुकानाचं काहीतरी. मला जांभया यायला लागल्या. प्रवासाचा शीण, रात्रीची अपुरी झोप. मानेत जडपणा भरला, पण तो हवाहवासा वाटत होता. किती दिवसांनी कुणीतरी पांघरूण घालावं तसं. आई बोलायची थांबली की मधली जागा आता रिकामी वाटेना. आधी त्या जागेत नुसतं कुणाचं तरी गुणगुणणं होतं. मग दादाचा घसा साफ करायचा आवाज आला. तो बोलण्याआधी नेहमी तसं करायचा.

मला भीती वाटली नाही. भीती वाटायला हवी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. उजव्या सीटच्या पाठीवरचं कापड मागं रेललेल्या माणसाच्या वजनानं दबावं तसं दबलेलं दिसत होतं. आणि तो बोलला. लहानपणी मला सायकलवर मागं बसवताना बोलायचा, त्याच आवाजात, एकच शब्द. त्याच्या आवाजात घाई नव्हती. मी उठायला लागलो असं मला वाटलं. प्रत्यक्षात मी जागेवरून हललो नव्हतो.

त्यानंतरचं मला आठवतं ते म्हणजे गार वारं. आईच्या बाजूची काच खाली होती, शटर सताड उघडं होतं, आणि आई मागचं दार उघडून माझ्या गालावर थापट्या मारत होती. तिनं मला बखोटीला धरून बाहेर ओढलं. एवढी ताकद तिच्यात कुठून आली कोण जाणे. अंगणात बसवून पाणी पाजलं. मी उलटी केली. डोकं कुणी मधोमध चिरल्यासारखं दुखत होतं. स्टँडवरची मिसळ बाधली, असं मी म्हणालो.  आत जाऊन तिनं गाडी बंद केली. किल्ली कमरेला न खोचता माझ्या हातात दिली.

"यासीनला बोलाव," ती म्हणाली. "नवा फिल्टर घाल म्हणावं. धैर्याचे यार्डातले पैसे आलेत, ते त्यालाच लागू देत."

 काल गाडीला हात लावू न देणारी बाई आज लाखाचं काम सांगत होती. का, असं विचारलं तर म्हणाली, शब्द दिलाय तो नीट पाळायला नको का? मला वाटलं, आली बाई ताळ्यावर.

नवा डबा कोल्हापूरहून यायला काही दिवस गेले. त्या दिवसांत आई गोदामाकडं फिरकली नाही. यासीननं गाडी ढकलत बाहेर अंगणात घेतली, बॉनेट उघडलं, जुना डबा सोडवायला लागला. मग त्यानं मला वाकून बघायला सांगितलं. डब्याच्या अलीकडच्या जोडावर आणि मागच्या पत्र्यावर काजळीचा मोठा काळा पट्टा उमटला होता.

"फिल्टर तुंबला, धुराला पुढं वाट न्हाई. मग पॅकिंग फोडून हितनं बाहेर पडला. अन् हितनं सरळ एसीच्या जाळीतनं आत." त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "सायेब, आत कोण बसत होतं काय?"

मी आईचं नाव घेतलं. त्यानं हात पुसले. मग म्हणाला, बंद काचांत हा धूर आधी डोकं दुखवतो, मग झोप आणतो. मग माणसाला काहीबाही दिसतं, ऐकू येतं, आणि मग माणूस उठत नाही. त्याच्या ओळखीतला एक ड्रायव्हर असाच गेला होता. मावशींचं नशीब थोर म्हणा, असं म्हणून तो पुन्हा कामाला लागला.

मी गोदामामागं जाऊन उभा राहिलो. आई वेडी नव्हती. ती मरत होती, आणि वाचली होती. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर ते आई वाचली म्हणून नव्हतं. मी ऐकला तो आवाज दादाचा नव्हता, धुराचा होता, म्हणून ते रडू होतं.

नवा फिल्टर बसला. दिवा विझला. यासीननं दम भरला की आता हिला जागेवर सुरू करून ठेवलंत तर मी पुन्हा यायचा नाही, आठवड्यातून एकदा तरी हायवेला घाला, चांगली तापू द्या, वेग सोडू नका. त्याच दुपारी मी आईला घेऊन निघालो. ती मागच्या सीटवर बसली. संकेश्वर मागं टाकून आम्ही हायवेला लागलो. दोन्हीकडं ऊस होता, ऊन मऊ झालं होतं, गाडी एका लयीत पळत होती. आईच्या बाजूची काच पूर्ण खाली होती आणि वाऱ्यानं तिचा पदर फडफडत होता.

आता सांगायला हवं, असं मला वाटलं. तिला धक्का बसू नये म्हणून मी आडवळणानं सुरुवात केली. जोड, पॅकिंग, काजळीचा पट्टा, धूर. धुरानं माणसाला काय काय होतं ते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

मी आरशात बघितलं. ती बाहेर बघत होती.

"धूर बिर मला काय कळत न्हाई. पर एकदा उकाड्यानं काच उघडी ठिवली तर तो आला न्हाई. दुसऱ्या दिवशी लावून घेतली, तर आला. तवापास्नं मी लावूनच बसत होते."

"डोकं दुखत होतं ना तुझं? उलट्या होत होत्या?"

"व्हायच्या की. जिवाला बरं न्हाई हे कळत होतं. पर तो भेटत होता, तर व्हायचं ते होऊ दे म्हटलं."

 गाडीचा वेग कमी होऊ न देता मी विचारलं की मग यासीनला बोलाव असं तूच कशी म्हणालीस.

 समोरून उसाच्या ट्रॉल्या गेल्या. त्या गेल्यावर ती पुढं सरकली आणि माझ्या सीटच्या पाठीवर तिनं हात ठेवला.

"माझ्यासंगं तो नुसता बोलत बसायचा. मी किती येळा म्हटलं, मला ने की रे. कधी नेतो म्हणाला न्हाई. अन् तू एकच दिवस बसलास, तर तुला चल म्हणाला."

तो शब्द मी कुणाला सांगितला नव्हता. प्रज्ञालाही नाही.

"तुला ऐकू आलं?" मी विचारलं.

"ते आलं," आई म्हणाली. "अन् तू आलो म्हणालास, तेबी आलं. मग मी काच खाली केली."

आई त्यानंतर सहा-सात वर्षं, गाडीसकट, आमच्याकडं पुण्यात राहिली. ती वारल्यावर गाडीही विकली गेली. मी त्या दिवशी 'आलो' म्हणालो होतो, हे मला अजूनही आठवत नाही.